रिकाम्या गाडीचं माप

"शेंगांना जमिनीतच कोंब फुटू द्या, मग त्यांच्यापुढे उभं राहून भाषण करा! त्या तरी मान डोलावतील!"

मेंबरीण हे दारात उभी राहून म्हणाली, आणि अशा आवाजात म्हणाली की समोरच्या गिरणीवाल्यानं चक्कीचा पट्टा चढवता चढवता मान वर केली. मेंबर तेव्हा पायात चपला सरकवत होता. काखेत पक्षाच्या झेंड्यांची गुंडाळी होती, खिशात चष्मा होता आणि डोक्यात साहेबांचा कालचा निरोप घोळत होता. आभाळ पहाटेपासून भरून आलेलं. धड बरसेना, धड उघडेना. वारा पार पडला होता, अंगाला नुसती चिकचिक होत होती, आणि बांधावरची गुरंसुद्धा चरायचं सोडून उगाच इकडून तिकडे फिरत होती.

"मतदान होऊ दे गं," मेंबर म्हणाला. "दुसऱ्या दिवशी एकटा उपटतो सगळा भुईमूग."

"मतदानाची तारीख ठरलेली आहे. पावसाची तुमच्या साहेबांनी ठरवलीय का?"

भुईमूग काढणीला आला होता, पाला पिवळा पडला होता. अशा वेळी जोराचा पाऊस झाला की देठ कुजतात. वेल उपटावा तर हातात नुसता पाला येतो आणि शेंगा खाली मातीतच राहतात. हे मेंबरला कळत नव्हतं असं नाही. पण गावात काढणी व्हायची ती सावडीनं. आज सगळ्यांनी याच्या रानात राबायचं, उद्या त्याच्या. आणि या हंगामात मेंबर कुणाच्याच रानात वाकला नव्हता. झेंडे लावत फिरत होता. मेंबरीण बिचारी एकटीच दोन-तीन ठिकाणी जाऊन आली होती. तेव्हा आता आपल्या रानात कोण कशाला येईल, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

तो मेंबर होता म्हणजे फार वर्षांपूर्वी एकदा होता. गावच्या पंचायतीत निवडून आला, पुढच्या खेपेला पडला, पण नाव काही उतरलं नाही. बायकोला तर निवडणूक न लढवताच पद मिळालं. आणि काल साहेबांचा निरोप आला होता, "या वेळी गाव दिलंस तर पुढच्या खेपेला वरचं तिकीट तुझं." रात्रभर त्याला झोप नव्हती. पन्नाशी उलटली तरी माणसाला असल्या गोष्टीनं गुदगुल्या होतात, त्याला काय करणार?

गाव देणं म्हणजे काय, तर मतं. आणि गाव देईल का, हे मेंबरला काही केल्या कळत नव्हतं.

गेल्या खेपेला बरं होतं. तो दारात गेला की लोक अंगावर यायचे. रस्ता कुठाय, गुरांचा डॉक्टर कुठाय, शाळेची कौलं कधी बसणार? सुतारकाका तर हातात वाकस घेऊन भांडायचे. तास-तासभर भांडायचे आणि शेवटी म्हणायचे, "देतो मत, पण लाज बाळगा जरा." आणि द्यायचे. या खेपेला मात्र कुणी तोंड उघडेना. जाईल तिथं बसायला पाट, प्यायला पाणी, वर हसू. "आपलंच आहे की मेंबर!" "काळजी कशाला करता?" इतकं गोड बोलत होते सगळे की मेंबर पाणी अर्धवट ठेवूनच उठायला लागला होता.

सगळ्या गोष्टीचं मूळ ती कमान होती.

गावात शिरतानाच ती दिसते. दोन खांब, वर अर्धगोल, त्यावर साहेबांच्या वडिलांचं नाव आणि दोन्ही बाजूंना सिमेंटचे दोन मोर. त्यातल्या एकाची चोच बसवतानाच तुटली होती. पक्षाकडून गावाला काहीतरी आणायचं म्हणून मेंबरनं साहेबांच्या दारी खेटे घालून ती मंजूर करून आणली होती. गवंड्यानं विचारलं, उंची किती ठेवू? मेंबरनं आपली बैलगाडी आणली, गवंड्यानं धरलेल्या काठीखालून हाकली, गाडीत ताठ उभा राहिला, वर हात केला आणि म्हणाला, "बास, एवढी पुरे." सुतारकाकांनी मान डोलावली. गिरणीवाला म्हणाला, झकास. अख्खं गाव तिथं उभं होतं, आणि गाडी रिकामी आहे हे एकालाही सुचलं नाही.

सुगीत कडब्याची पहिली गाडी आली आणि कमानीखाली अडकली. तेव्हापासून गावात भरलेली गाडी अशी शिरलीच नाही. कमानीच्या अलीकडे अर्धा माल उतरवायचा, गाडी आत घ्यायची, मग माल डोक्यावरून आणून पुन्हा भरायचा. दुसरी वाट ओढ्यातून होती, तिथं चाकं रुतायची. मेंबरनं साहेबांना सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, बघू, निवडणूक होऊ दे.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं होतं. मग उन्हाळ्यात टोपलीवाल्या मावशीचं घर पेटलं. चुलीतली ठिणगी उडाली आणि घरात रचून ठेवलेल्या बांबूच्या कांबी भडाभडा पेटल्या. आग विझवणारी गाडी आली ती बरीच लवकर आली, पण येऊन कमानीपाशी थांबली. पाण्याची नळी तिथून पुरेना. लोकांनी घागरी, बादल्या, हाताला येईल ते घेऊन धावाधाव केली. मावशी वाचली, शेळी वाचली, बाकी राख झाली. त्या गाडीचा ड्रायव्हर खाली उतरला, कमानीकडे मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "ही कुणी बांधली हो?" सगळं गाव तिथं उभं होतं. कुणी उत्तर दिलं नाही. कुणी मेंबरकडे बघितलंसुद्धा नाही. त्या न बघण्याचीच त्याला आजही आठवण यायची, आणि आली की जेवण जायचं नाही. मावशी आता गिरणीच्या मागच्या पडवीत राहत होती आणि तिथंच टोपल्या विणत होती. मेंबर तिच्यासमोरून जायचा म्हटलं की लांबचा वळसा घ्यायचा.

त्या दिवशीही तो दिवसभर फिरला, झेंडे लावले, गोड बोलणं ऐकलं आणि जीव टांगणीला लावून घरी आला. दुसऱ्या दिवशी उजाडताच मेंबरीण त्याला हलवून उठवायला लागली.

"उठा, उठा! रानात चला."

"पाऊस आला?"

"माणसं आलीत."

माणसं म्हणजे किती यावीत? मेंबर बांधावर पोचला तेव्हा त्याला वाटलं, आपलं रान चुकलं. सुतारकाका आले होते, त्यांच्या दोन्ही सुना आल्या होत्या. गिरणीवाला चक्की बंद ठेवून आला होता. मेंढ्या राखणारा मेंढकेदादा आपल्या मेंढ्या भावावर सोपवून आला होता. शाळेची शिपाईण आली होती. ज्यांच्याकडे मेंबरीणही कधी गेली नव्हती ती माणसं ओळीनं वाकली होती, आणि वेल उपटल्याचा तो खसाखसा आवाज रानभर चालला होता. माती नेमकी ओलसर होती, वेल सुटून येत होते, आणि प्रत्येक वेलाला पांढऱ्याफेक शेंगांचे घोस लोंबत होते.

"अहो काका, तुम्ही कशाला?" मेंबर म्हणाला. "मी तर तुमच्याकडे आलोच नाही या वर्षी."

"तू कामात होतास," सुतारकाका वाकूनच म्हणाले. "आभाळ बघ की वर. वाक आता, बघत काय बसलास?"

"भांडणार नाही म्हणता आज?"

"कशाला भांडायचं? मोठा माणूस तू."

गिरणीवाला हसला. सुना हसल्या. मेंबरही हसला, पण त्याचं हसू जरा उशिरा आलं.

दुपारपर्यंत रान मोकळं झालं. वेल वाहून अंगणात आणले, बायका गोल करून शेंगा तोडायला बसल्या, थट्टामस्करी चालली. शिपाईण मेंबरीणबाईला म्हणाली, "आता तुमचे मालक मोठे झाले की आम्हाला ओळखाल ना?" मेंबरीण म्हणाली, "मला तर ते आत्ताच ओळखत नाहीत." सगळ्याजणी खदाखदा हसल्या. सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून, टोपलीवाली मावशी बसली होती. तीही आली होती. तिची बोटं कुणाहीपेक्षा भरभर चालत होती. मेंबरनं तिला बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मेंबर ओट्यावर पाय पसरून बसला. समोर शेंगांचा ढीग, वर ताडपत्री. बऱ्याच दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं.

"बघितलंस?" तो म्हणाला. "याला म्हणतात हवा. अख्खं गाव लोटलं. उद्याच साहेबांना निरोप धाडतो, गाव पक्कं म्हणून."

मेंबरीण पाट्याशी बसली होती. तिचा हात थांबला.

"वरच्या आळीतली ती मुलगी आठवते?" तिनं विचारलं.

"कुठली?"

"जिला तुम्ही माझ्याआधी बघायला गेला होता. सासूबाई सांगायच्या. तिच्या बापानं तुम्हाला पोतंभर वांगी दिली होती."

"हो, मग?"

"पोतं खांद्यावर टाकून तुम्ही नाचत घरी आलात. सोयरीक जमली म्हणून. सासूबाईंनी पोतं उघडलं, वांगी बघितली आणि म्हणाल्या, नाही म्हणालेत."

मेंबरनं पसरलेले पाय जवळ घेतले.

"मी बाहेरगावची," मेंबरीण म्हणाली. "मला हे गाव शिकावं लागलं. या गावाला तोंडावर नाही म्हणता येत नाही. नाही म्हणायचं असलं की आधी काहीतरी हातावर ठेवतात. माझ्या भावाला बैल द्यायचा नव्हता तेव्हा मेंढकेदादांनी लोकर दिली. पलीकडच्यांनी बांधावरून वाट दिली नाही, पण दुधाची चरवी महिनाभर पाठवली. तुम्ही इथंच वाढलात, तुम्हाला शिकावं लागलं नाही, म्हणून विसरलात."

"काहीतरीच काय! दिवसभर राबून गेले बिचारे."

"तेच म्हणतेय. वांगी तरी पोतंभरच होती."

मेंबर उठून आत गेला. बाहेर आला. पुन्हा आत गेला. पाणी प्यायला म्हणून तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला. आभाळात गुरगुर चालली होती, पण पाऊस काही येत नव्हता. तो आला असता तर बरं झालं असतं, काहीतरी एकदाचं झालं असतं.

सकाळी तो झेंडे न घेताच बाहेर पडला. मनात एकच होतं, कुणीतरी भांडावं. एकानं जरी शिव्या घातल्या असत्या तरी त्याला धीर आला असता.

गिरणीवाल्याकडे गेला. "काय रे, पीठ बारीक येत नाही हल्ली तुझं. मेंबरीण बोंबलतेय," म्हणाला. एरवी गिरणीवाल्यानं त्याला पट्ट्यानं मारलं असतं. आज तो म्हणाला, "चूक झाली असेल मेंबर. डबा पाठवा, पुन्हा दळून देतो. आणि आजचं दळणही असंच, फुकट समजा."

मेंबर तिथून सटकला तो सुतारकाकांच्या दारात. काका लाकूड तासत होते.

"काका, तुमच्या दारापुढची गटार आम्हीच मंजूर केली होती. झाली का?"

"नाही झाली."

"मग?"

"मग काय? होईल कधीतरी."

"अहो, भांडा ना काका!"

काकांनी वाकस खाली ठेवला, आत गेले आणि नवाकोरा कुदळीचा दांडा घेऊन आले. गुळगुळीत तासलेला, हातात धरला की सोडवू नये असा. "तुझ्या कुदळीचा दांडा हलतो, काल बघितलं," काका म्हणाले. "हा घे."

"नको मला."

"नको कसं? घे, घे. तुझ्याच मापाचा केलाय."

दांडा हातात घेऊन मेंबर रस्त्यावर उभा राहिला. लोकांना वाटलं असेल, कुणाला तरी मारायला निघालाय. शिपाईण रस्त्यात भेटली, तिनं लिंबं दिली. मेंढकेदादा भेटला, "घोंगडं लागतंय का?" म्हणाला. मेंबर जवळजवळ पळतच सुटला, आणि पळता पळता, नेहमीचा वळसा विसरून, गिरणीच्या मागच्या पडवीपाशी येऊन थबकला.

टोपलीवाली मावशी पायाच्या अंगठ्यात कांब धरून विणत होती. जळलेल्या घरातून वाचलेली शेळी शेजारी बसली होती.

"ये, बस," मावशी म्हणाली.

मेंबर बसला. दांडा आडवा ठेवला, लिंबं ठेवली. घाम पुसला.

"मावशी, मला शिव्या दे."

"कशाला?"

"दे म्हणतो ना. तुझं घर माझ्या कमानीपायी गेलं. सगळ्या गावाला माहितीय. तू एक शब्द बोलली नाहीस. कुणीच बोललं नाही. दे शिव्या आणि मोकळी हो."

मावशीनं कांब वळवली, खोचली, दाबली.

"तू काय वाईट मनानं बांधलीस ती?" ती म्हणाली. "माप घेताना मी पण तिथंच उभी होते. मलाही छानच वाटली. रिकाम्या गाडीवर माप घेतलं, ते सगळ्यांनीच बघितलं."

"मग राग नाही तुझा?"

"तुझा नाही."

"साहेबांचा?"

"ते कोण मला ओळखतात? घर जळलं तेव्हा त्यांनी माणूस धाडला होता. तो विचारून गेला, कमानीला काही झालं नाही ना."

मेंबरला हे ठाऊक नव्हतं. तो खाली बघत म्हणाला, "मावशी, तुझं मत कुणाला?"

"मत गुपित असतं म्हणतात," मावशी म्हणाली. मग तिनं हातातल्या टोपलीचा काठ पुरा केला, फिरवून फिरवून बघितला, आणि टोपली त्याच्या मांडीवर ठेवली. "शेंगा भरायला घे. तुझी जुनी काल फाटलेली दिसली."

टोपली हलकी होती, पण मेंबरला ती उचलवेना. गावानं त्याला दिलेल्या सगळ्या गोष्टींत तीच सगळ्यांत सुंदर होती, आणि तिच्यातच सगळं उत्तर होतं. आता कळायचं काही शिल्लक राहिलं नव्हतं. गाव गेलं होतं, आणि त्याला न दुखवता गेलं होतं. तिकीटही गेलं. त्याला वाईट वाटलं, फार वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यात कुठंतरी तळाशी सुटल्यासारखंही वाटलं. दांडा, लिंबं, टोपली सगळं गोळा करून तो घरी आला. मेंबरिणीनं ते बघितलं आणि ती उन्हात पसरलेल्या शेंगा हलवायला लागली.

"तू तरी भांड," मेंबर म्हणाला.

"पाय धुवून या आधी. सगळं अंगण घाण केलंत."

मेंबरला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

मतदानाच्या आदल्या दिवशी साहेब स्वतः आले. त्यांची गाडी चांगली उंच होती, टपावर भोंगा होता. कमानीखालून ती बोटभर अंतर ठेवून सरकली आणि थेट मेंबरच्या अंगणात येऊन थांबली. साहेब उतरले. मागून त्यांचा एक माणूस उतरला, हातात पाण्याची बाटली आणि साहेबांचा चष्मा घेऊन.

"काय मेंबर, गाव काय म्हणतंय?"

"गाव काही म्हणत नाही साहेब."

"वा! म्हणजे तक्रार नाही."

"तसं नाही साहेब. मी सांगणार होतो..." मेंबरनं सुरुवात केली. समोरच्या माणसाच्या तोंडावर सरळ सांगायचं, साहेब, इथं तुमचं काही खरं नाही. एवढं साधं वाक्य. पण तोही याच गावचा होता. वाक्य घशापर्यंत यायचं आणि तिथून वळायचं. शेवटी तो म्हणाला, "ती कमान साहेब. उंच करायची राहिली. टोपलीवाल्या मावशीचं घर..."

"लक्षात आहे, कमानीचं लक्षात आहे," साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "या खेपेला गावाच्या दुसऱ्या टोकालाही एक बांधू. जोडी होईल."

मेंबर त्यांच्याकडे बघत राहिला. थट्टा करताहेत की काय ते बघत राहिला. साहेब थट्टा करत नव्हते.

"बसा साहेब," मेंबर म्हणाला. "रिकाम्या हातानं जायचं नाही. घरच्या शेंगा आहेत."

त्यानं पोतं उघडलं, टोपली उचलली आणि ढिगातून भरायला लागला. वरवरच्या नाही, मधल्या, टपोऱ्या, तीनदाणी शेंगा. खडा दिसला तर काढून टाकत होता. टोपली पोत्यात रिकामी करायची, पुन्हा भरायची. एक पोतं झालं. त्यानं दुसरं उघडलं.

"अरे बास, बास!" साहेब म्हणाले.

"असू द्या साहेब. तुमच्याकडे गुरं आहेत ना? पाला पण देतो वर बांधून."

"किती करशील!"

"मनापासून देतोय साहेब."

आणि हे खरंच होतं. त्याला साहेबांबद्दल कधी नव्हे एवढी माया वाटत होती. इतक्या वर्षांची ओळख, किती खेटे, किती चहा, गर्दीत एकदा त्यांनी त्याला नावानं हाक मारली होती. आणखी काय द्यावं, असं त्याला झालं होतं. लिंबं दिसली, तीही पोत्यात टाकली. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की शेजारी चाललेला सुपाचा आवाज थांबलाय. त्यानं मान वर केली. मेंबरीण सूप हातात धरून त्याच्याकडे बघत होती. रागानं नाही. वरच्या आळीतल्या त्या बापाकडे बघावं तशी.

मेंबरचे हात टोपलीतच थांबले.

म्हणजे आपणही? त्यानं स्वतःला विचारलं. पण विचारायचं काय होतं, दोन पोती समोर उभी होती. उद्या आपला हात कुठं जाणार हे त्याच्या मनाला अजून कळलं नव्हतं, पण हातांना केव्हाच कळलं होतं. त्याला घाम फुटला आणि त्याच वेळी हसू आलं. त्यानं ते हसू साहेबांना दिलं.

साहेबांच्या माणसानं पोती टपावर भोंग्यामागं उभी केली, वर पाल्याचा भारा बांधला. मग तो टोपली घ्यायला वाकला.

"टोपली नको," मेंबर म्हणाला आणि ती स्वतःकडे ओढली. "ती मला मिळालीय."

साहेब गाडीत बसले. काच खाली करून म्हणाले, "एवढ्या प्रेमानं देतोस, म्हणजे गाव पक्कं. मला काळजीच नाही. तिकिटाचं मी विसरणार नाही, बरं का."

"विसरलात तरी चालेल साहेब," मेंबर म्हणाला, आणि साहेबांना तो विनय वाटला.

गाडी निघाली. भोंगा सुरू झाला, पक्षाला मत द्या म्हणून ओरडत गेला आणि कमानीपाशी जाऊन खाड्कन थांबला. पाल्याचा भारा वरच्या अर्धगोलात घुसला होता. ड्रायव्हरनं मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली. पाला थोडा सांडला, पोतं कलंडलं, चोच तुटलेल्या मोराची मानही गेली. साहेबांचा माणूस खाली उतरून वर बघायला लागला. मग तो वळला आणि हात हलवून हाका मारायला लागला.

हाकांची गरजच नव्हती. गिरणीवाल्यानं चक्की बंद केली आणि तो धावला. सुतारकाका पंचा खांद्यावर टाकून धावले. शिपाईण पाण्याची घागर घेऊन निघाली. मेंढकेदादा टपावर चढलासुद्धा. एकानं भारा धरला, दुसऱ्यानं पोतं, हातोहात सगळं खाली आलं. गाडी आत-बाहेर करायची या गावाला चांगली सवय होती. टोपलीवाली मावशी सांडलेल्या शेंगा वेचून वेचून पदरात गोळा करत होती आणि पदर नेऊन साहेबांच्या गाडीत रिकामा करत होती. साहेब उतरून सगळ्यांकडे बघून हात जोडत होते. इतकं प्रेम त्यांनी बऱ्याच दिवसांत बघितलं नसावं, त्यांचे डोळेही जरा ओले दिसत होते.

मेंबर आणि मेंबरीण अंगणात उभे राहून हे बघत होते.

"सगळं गाव धावलं बघा," मेंबरीण म्हणाली.

"हो," मेंबर म्हणाला. "एकसुद्धा मत शिल्लक दिसत नाही."

मग त्यानं पायात चपला सरकवल्या आणि तोही मदतीला धावला.